भरलेली गाडी

चुन्याची डबी. मासळीच्या सात रिकाम्या पाट्या. ओढ्यातला दगड, जो शेवंतीच्या पिकअपच्या पोटाला रोज लागायचा. म्हणून मोठे टायर.

टायरवाल्या उस्मानचाचांनी तंबाखूचा चुना चारही टायरांना फासला आणि स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. मडगार्डवर डाग नाही. "बघ बेटी, कुठेच घासत नाही."

"बाजाराला मी रिकामी जाते का, चाचा?" तिने रोजच्या सातही मासळीवाल्यांना मागे चढवलं.

"काशीबाय, मध्ये बस गो, गाडी कलंडेल!"

"आणि तू काय कापसाची?"

हसती-खिदळती गाडी गतिरोधकावरून गेली. मागच्या मडगार्डवर पांढरी रेघ उमटली.

"एक साइज लहान बसवा," शेवंती म्हणाली. चाचांनी टायर बदलून पुन्हा चुना फासल्यावर तिने सगळ्यांना पुन्हा चढवलं. या खेपेला रेघ नव्हती.

घाटात टायर घासून फुटला आणि तिचा नवरा गेला, त्या दिवशी गाडीत बर्फाच्या लाद्या होत्या. टायर त्याने रिकाम्या गाडीवर तपासले होते.