आतली कडी

शमुवेलचा डावा पाय अधू होता. तो पिऊन यायचा तेव्हा पाय फरफटल्याचा आवाज गल्लीच्या टोकापासूनच यायचा, आणि त्याची बायको रूथबाई आतून कडी घालायची. त्या आवाजानंच तिला पंधरा वर्षं जगवलं.

नाताळाआधी त्याला पुरलं. तरी रोज दुपारी फरफट यायची. दारापाशी थांबायची, दार ढकलून बघायची, आणि कडी लागलेली कळली की जायची.

आज पास्टर प्रार्थनेला आले, तेव्हा तिनं भीतभीत विचारलं, "मेलेला माणूस वर जातो न्हवं? लय लांब?"

पास्टर हसले. "सगळे इथंच चुकतात, बाई. नुसता आत्मा ढगात बसून राहत नाही. प्रभू मेलेल्यांना शरीरासकट उठवणार. इथंच, नव्या पृथ्वीवर."

"अन् त्यायचा पाय?"

"बरा झालेला असेल. अगदी धडधाकट!"

विधवेला धीर दिल्याच्या समाधानात ते फटफटीवरून झरी गावाकडे गेले.

ऊन कललं. फरफट आलीच नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच रूथबाईनं दार नुसतं लोटून ठेवलं आणि ती चुलीपुढं बसली.

तेवढ्यात गल्लीतून झपझप पावलं आली. दोन्ही सारखी पडत होती. पास्टरांचा चष्मा खाटेवरच राहिला होता.

"या, आत या," ती पाठमोरीच म्हणाली.

फटफटी वाजलीच नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं, तोवर मागं आतून कडी लागली होती.