उलटी जाळी

ऊन अडवायला म्हाताऱ्याने बाल्कनीला छतापासून जमिनीपर्यंत नक्षीदार पत्र्याची जाळी लावून घेतली. बघतो तर काय, वेल्डरने ती उलटी बसवलेली! बारीक भोकं वर आणि फुलांच्या आकाराची मोठमोठी भोकं खाली, नेमकी बायकोच्या पलंगासमोर.

"अक्कल काय गहाण टाकलीस? सगळं ऊन हिच्या तोंडावर येणार!"

"ओरडू नका काका, उतरवतो."

अर्धांगवायू झाल्यापासून बायको जाड पडद्याआड पडून होती आणि 'देवा, सोडव आता' याशिवाय दुसरं काही बोलत नव्हती. तो पडदा आज पहिल्यांदाच निघाला होता. वेल्डरने एक स्क्रू सैल केला, तोच पलंगावरून आवाज आला,

"अहो, राहू द्या ती तशीच. आणि समोरच्या मास्तरांनी मिशी कधी उडवली?"