निळं फडकं

अंबिकाबाई दवाखान्यातल्या बाकावर येऊन टेकल्या, तेव्हा त्यांची सून समोरच्या खोलीत गुडघ्यांवर बसून थुंकायचं बेसिन घासत होती. फरशी वाळावी म्हणून खोलीचं दार सताड उघडं होतं.

शेवगावातला हा दातांचा दवाखाना दहाला सुरू व्हायचा. आईच्या गालाची सूज डोळ्यापर्यंत चढली म्हणून अनिमेषनं तिला साडेनऊलाच आणलं होतं. बायको एव्हाना आवरून पुढच्या दवाखान्यात गेली असेल, असा त्याचा अंदाज. तो चुकल्याचं दिसताच तो स्कूटर नीट लावून येतो म्हणून जो गेला, तो परत फिरकलाच नाही.

मधुवंतीनं सासूबाईंना सांगताना 'दवाखान्यांचं व्यवस्थापन' असं सांगितलं होतं. दोन दातांचे आणि एक लहान मुलांचा, अशा तीन दवाखान्यांच्या सफाईचं काम तिनं राहीबाई नावाच्या मदतनीस बाईला सोबत घेऊन धरलं होतं. आज तिसरा आठवडा. सांगण्यात खोटं काही नव्हतं, फडकं आणि बादली तेवढी गाळली होती. सासूबाई पडल्या सोवळ्याच्या. दुकानातून आलेली मिठाची पिशवीसुद्धा धुऊन घरात घेणाऱ्या. करोनात सगळं गाव हात धुऊ लागलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की उशिरा का होईना, लोकांना अक्कल आली. अशा बाईला, मी परक्यांची थुंकी पुसते, हे सांगायचं कसं? कळलं तर त्या काम सोडायला लावणार हे नक्की होतं. आणि मधुवंतीला काम सोडायचं नव्हतं. तिला ते आवडायला लागलं होतं.

अंबिकाबाईंचं दुखणंही याच कुळातलं. आठ दिवस त्यांनी दाढेखाली लवंग धरून काढले, पण दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. दहा जणांच्या तोंडात घातलेली हत्यारं आपल्या तोंडात घालून घ्यायची म्हणजे जगाचं उष्टं खाणं, असं त्यांचं म्हणणं. आज सकाळी मात्र चहाचा घोटही उतरेना, तेव्हा अनिमेषनं त्यांना काही न विचारता स्कूटरवर बसवलं.

"ताई," राहीबाई हळूच म्हणाली, "त्या काकू लई येळ झालं तुमच्याकडंच बघत्यात."

मधुवंतीनं वळून पाहिलं, तर बाकावर सासूबाई. लपायला त्या खोलीत जागा नव्हती. मग तिनं एकच केलं, काम चालू ठेवलं. खुर्चीवर औषध फवारलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. मागून सासूबाईंची नजर पाठीत रुतत होती.

राहीबाई बादली घेऊन बाहेर आली तेव्हा अंबिकाबाईंनी तिला विचारलं, आत ती अशी हातावर हात ठेवून उभी का राहिली आहे.

"औषध मारलंय न्हवं खुर्चीवर. धा मिंटं वल्लं ऱ्हाऊ द्यायचं, मंग पुसायचं. आधी पुसलं तर काय उपेग न्हाई त्याचा." आणि मग राहीबाईनं न विचारता बाकीचंही सांगून टाकलं. लाल फडकं बेसिनचं, निळं खुर्चीचं. ह्याचं त्याला लागू द्यायचं नाही. या बाबतीत ताई फार कडक आहेत.

अंबिकाबाई बाकावरून सरकून दाराच्या जवळ येऊन बसल्या.

आत मधुवंतीनं हातमोजे उलटे करून काढले, पायानं कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून आत टाकले, हात धुतले आणि कोपरानं नळ बंद केला. अंबिकाबाईंचं कोपर आपोआप हललं. चाळीस वर्षं त्या आपल्या स्वयंपाकघरातला नळ असाच बंद करत आल्या होत्या, आणि घरातला लहानथोर त्यांना त्यावरून हसत आला होता. हसण्यात ही सूनही असायची.

दहा मिनिटं झाली. मधुवंतीनं नवे मोजे चढवले, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पुसलेलं बेसिन तिनं उगाच पुन्हा पुसलं, आणि तेच लाल फडकं घेऊन तिचा हात खुर्चीच्या उशीकडे गेला.

"मधू," दारातून आवाज आला. "फडकं बदल."

मधुवंती जागीच थांबली. तीन आठवड्यांत ही चूक तिच्याकडून एकदाही झाली नव्हती. तिनं लाल फडकं बेसिनपाशी ठेवलं, मोजे बदलले, निळं फडकं घेतलं आणि मग धीर करून सासूबाईंकडे पाहिलं. सुजलेल्या गालावर राग काही दिसेना. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला तिच्या हातचं पुरण बघत मागं उभ्या राहिल्या होत्या, तशाच त्या आता दारात उभ्या होत्या. मधुवंतीच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता घरी जाऊन काही लपवायचं नव्हतं, याचंच तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. तिनं उशी पुसली, मग हात टेकायची जागा, मग दिवा फिरवायची मूठ. अंबिकाबाई शेवटपर्यंत बघत राहिल्या.

दहाला डॉक्टर धनश्री आल्या. अंबिकाबाईंनी पदर आवरला, खुर्चीत बसल्या आणि मान मागं टेकवली. घाबरणारे पेशंट डॉक्टरांना नवे नव्हते. काकू, मुळीच काळजी करू नका, इथं प्रत्येक वस्तू स्वच्छ करूनच, असं त्यांनी नेहमीचं सुरू केलं.

अंबिकाबाईंनी हातानं त्यांना थांबवलं.

"ते मला नका सांगू. आमच्या सुनेनं पुसलंय," त्या म्हणाल्या, आणि आठ दिवस लवंगेवर आवळून धरलेलं तोंड त्यांनी चांगलं मोठं उघडलं.