ओतीव तुळया

लाकूड चमच्याने निघत होतं.

होडीच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन तुळया होत्या, वडिलांनी बसवलेल्या. वरचं फायबरचं कवच शाबूत होतं. आतलं लाकूड मात्र पाणी पिऊन चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं. लेकीने कवच वरून कापून तो सगळा चोथा उपसला. आता नुसते दोन रिकामे पन्हाळ उरले होते.

आई अंगणात खुर्ची टाकून पाहत होती. नवरा गेल्यापासून तिने होडीत पाय ठेवला नव्हता. "मोडीत देऊन टाक," एवढंच ती म्हणायची.

"आता यात नवं लाकूड घालणार?"

"लाकूड नाही गं. हे ओतायचं. आत्ता पातळ आहे, थोड्या वेळात दगड होईल. याला कधी कीड नाही, कुजणं नाही."

लेकीने बादलीत रेझिनचं मिश्रण कालवलं आणि ओतायला सुरुवात केली. पहिली तुळई गळ्यापर्यंत भरली. दुसरी अर्धी झाली आणि कवचाची एक बाजू बाहेर फुगायला लागली. तिच्या दोन्ही हातांत बादली होती. थांबली असती तर सगळं बादलीतच घट्ट झालं असतं.

"आई!"

आई स्टुलावरून चढून आत आली. कुठे धरायचं ते तिने विचारलं नाही. दोन्ही तळवे कवचाला लावले, वर गुडघा टेकवला आणि अंगाचा सगळा भार दिला. फुगवटा बसला.

"बघत काय बसलीस? ओत."

बादली रिकामी झाली. लेक तिथेच बसकण मारून हसायला लागली. "हे तू कुठे शिकलीस?"

"तुझे बाबा स्क्रू पिळायचे, तेव्हा तुळई कोण दाबून धरायचं? तोंडात चार स्क्रू धरून बोलायचे. निम्मं मला कळायचंच नाही, मी आपली हो हो करायची. हे घर घ्यायला मी होकार दिला, तो असाच."

आतलं मिश्रण घट्ट होताना कवच हळूहळू गरम व्हायला लागलं. आईने हात काढले नाहीत.

"आता सोड, आई. घट्ट झालंय."

"कधीच कुजणार नाही म्हणालीस?"

"कधीच नाही. आपल्यामागेही राहील."

आईने गुडघा काढला, हात तसेच ठेवले. मग म्हणाली, "त्यांना नसतं आवडलं."

"का गं?"

"त्यांना दर उन्हाळ्यात हिच्यात काहीतरी कुजलेलं सापडायचं. सापडलं नाही, तर शोधून काढायचे." तिने गरम कवचावरून एकदा हात फिरवला. "नाहीतर आम्ही दोघं बोलणार कधी?"