पहिल्या विहिरीचं पाणी

पाडव्याच्या सकाळी न्हावऱ्यातल्या इमाम पाणाड्याच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कांद्याच्या पिशव्या, उसाच्या मोळ्या, झेंडूच्या पाट्या, दुधाच्या चरव्या. त्यातून वाट काढत इमामची बायको रोशनबी चहा वाटत होती.

ज्यांच्या रानात इमामनं पाणी दाखवलं होतं, ते सगळे दिवाळीला येऊन त्याच्या घरी काहीतरी ठेवून जात. बोलावणं कुणालाच नसे. सत्तावीस विहिरींची माणसं, पण चुकत कुणी नसे. हल्ली काम झालं की वैद्याला माणसं विसरतात. या माणसाला मात्र विसरत नव्हती.

“फराळाचं ऱ्हाऊ द्या. पयलं पाणी येऊ द्या,” इमाम म्हणाला.

पहिलं पाणी म्हणजे कासुर्डीच्या संपतचं. इमामनं दाखवलेली पहिली विहीर त्याच्या रानात होती. दर पाडव्याला तो भीमा ओलांडून एक कळशी पाणी घेऊन यायचा. त्यातला घोट घेतल्याशिवाय इमाम कशालाच शिवत नसे.

“तेरा वर्सं झाली,” गावातले बागाईतदार पोपटराव हसत म्हणाले. “हिरीचा धनी, पर कवा एक कांदा आणला न्हाई गड्यानं. पाण्याला काय पैसं पडत्यात!”

तेवढ्यात संपत आलाच. डोक्यावर कळशी, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. कळशी उतरवून तो नेहमीसारखा कोपऱ्यात बसला.

इमामनं पेलाभर पाणी घेतलं, डोळे मिटून प्यायलं आणि जमलेल्या माणसांकडं वळला.

“तवा मला कोण इचारत होतं? काठी घिऊन हिंडायचो, लोक हसायचे. ह्याच्या रानात जागा दाखवली आन् ह्याच्याम्होरंच ठरवलं, हितं कोरडं निघालं तर काठी मोडायची, दौंडच्या ठेसनात हमाली करायची. पाडव्याला गाठोडं बांधूनच बसलो होतो. ह्यो कळशी घिऊन आला. म्हणला, ‘चाचा, लागलं!’”

“मीबी तवा हितंच बसलो होतो,” पोपटराव म्हणाले. “ह्याला लागलं म्हणून मी खणायला धजलो. न्हाईतर आमचं रान अजून माळच असतं. चाचा, तुमचं उपकार फिटायचं न्हाईत.”

“माझं कसलं? संपतच्या हिरीचं.”

संपत खाली मान घालून चहा पीत राहिला. उपकाराचं बोलणं निघालं की हा माणूस नेहमीच असा अवघडायचा.

इमामनं आत जाऊन उंबराची काठी आणली आणि रोशनबीच्या हातात दिली. “ही चुलीत घाल. आजपासनं बंद.”

चहा वाटता वाटता रोशनबी काठी धरून तशीच थांबली.

“डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. आता जागा दाखवायची न्हाई. पर एक इच्छा हाय. दाखवल्या जागी परत जायचं न्हाई, पाणी रुसतं, असं उस्ताद सांगून गेले. म्हणून एकबी हीर बघितली न्हाई. आता काठीच सोडली, तर बंधन कसलं? दिसतंय तवर पयली हीर डोळं भरून बघतो. संपत, उद्या तुझ्यासंगं येतो.”

संपतनं कप खाली ठेवला.

“चाचा, लई लांब हाय. नदीला पाणी हाय. वाटंला काटंकुटं...”

“आरं, मी म्हातारा झालोय, मेलो न्हाई.”

“म्होरल्या वर्साला जाऊ की.”

“म्होरल्या वर्साला मला तूबी दिसायचा न्हाईस.”

पोपटरावांना राहवलं नाही. “च्या पाजायला लागंल म्हणून भ्यायलाय त्यो!”

सगळे हसले. संपतही हसला, पण त्याचं तोंड पार उतरलं होतं.

भाऊबीजेच्या पहाटे दोघं निघाले. भीमेपर्यंत पोपटरावांची बैलगाडी, मग नाव, मग पायवाट. इमाम पोराच्या उत्साहानं चालत होता. वाटेत भेटेल त्याला सांगत होता, “माझी पयली हीर बघायला चाललोय!” संपत सगळ्या वाटेत दहा शब्द बोलला नसेल.

ऊन कलताना ते रानात पोचले. बांधाशी आल्यावर संपत थांबला.

“ती काय, चाचा.”

इमाम एकटाच पुढं गेला. काठावर उभा राहून त्यानं दोन्ही हात जोडले. कितीतरी वेळ तो तसाच उभा होता. मग डोळे बारीक करून इकडंतिकडं पाहू लागला.

“मोटंचं थारोळं दिसंना. पाणी कुठं वतून घेतोस?”

“थारोळं बांधलं न्हाई, चाचा.”

“तेरा वर्सांत?”

इमामनं वाकून एक धोंडा उचलला. डोळ्यांनी साथ सोडली होती, कान अजून शाबूत होते. पाण्याचा आवाज ऐकायला तो काठावर बसला, मान तिरकी केली आणि धोंडा सोडला.

खूप खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला.

“पयल्या दिसापासनं असंच हाय, चाचा,” संपत म्हणाला.