जाळी मर्विनच्या हातात

मासा लागला तेव्हा आयव्हर घडीच्या स्टुलावर बसलेला होता, आणि उठायला त्याला वेळ लागला. छातीवरची ऑपरेशनची शिवण अजून ओढायची. पण गळाची काठी वाकली, दोरी काठच्या विलोच्या झाडाच्या मुळांकडे पळाली आणि तो शिवणबिवण सगळं विसरला.

"मर्विन, जाळी," तो म्हणाला.

मर्विन आधीच लांब दांड्याची जाळी घेऊन काठावर गुडघे टेकून बसला होता. सोबत माणूस असेल तर आपला मासा आपण काढायचा नाही, सोबत्याने काढायचा, ही ॲरो नदीवरची रीत. जाळी धरणाऱ्याचं काम एकच: ती पाण्यात बुडवून गप्प बसायचं. मासा जाळीवर आणला जातो, जाळी माशामागे धावत नाही. काठीवाला चुकला तर लोक हळहळतात. जाळीवाला चुकला तर पबमध्ये वर्षभर त्याची सालटी काढतात. मर्विनवर ती वेळ कधी आली नव्हती. उभी हयात तो आयव्हरसाठी जाळी धरत आला होता.

त्यात हा मासा साधासुधा नव्हता. उन्हाळाभर दोघांनी गवतात पालथं पडून त्याला न्याहाळला होता. चब ही माशांची जातच भित्री, सावली पडली तरी पसार होणारी, आणि हा तर चांगला मुरलेला म्हातारा. सप्टेंबरात आयव्हरला हृदयाच्या ऑपरेशनसाठी नेलं तेव्हा स्ट्रेचरवरून त्याने एकच गोष्ट मागितली होती आणि मर्विनने शब्द दिला होता: तू उठून येईस्तोवर त्या डोहात मी गळ टाकणार नाही, दुसऱ्या कुणालाही टाकू देणार नाही. मग दर रविवारी तो हॉस्पिटलात द्राक्षं घेऊन यायचा, ती स्वतःच खायचा आणि माशाची खबर सांगायचा. आहे, तिथेच आहे, तुझीच वाट बघतोय. नर्सांना वाटायचं, नातवाबद्दल बोलताहेत. आयव्हर त्या खबरीवर पुढचा आठवडा काढायचा. औषधांइतकंच त्या माशाने मला जगवलं, असं तो बायकोला म्हणायचा, आणि तिला ते फारसं रुचायचं नाही.

मासा आता दमला होता. आयव्हरने त्याला मुळांपासून दूर खेचत उथळ पाण्यात आणला. मासा कुशीवर वळला आणि त्याच्या जाड, पांढुरक्या ओठात आयव्हरचा गळ दिसला. त्याच्या शेजारी आणखी एक गळ होता, गंजू लागलेला, आणि त्यावर लाल रेशमी दोऱ्याचे वेढे.

इथले बाकी सगळे गळ दुकानातून बांधलेलेच आणतात. लाल रेशमाने बांधणारा एकटा मर्विन. बायको गेल्यावर तिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा त्याने वापरायला काढला होता, आणि आयव्हर त्याला शिंपी म्हणून चिडवायचा.

आयव्हरने मान वर केली. मर्विनही त्या ओठाकडेच बघत होता. आणखी हातभर, की मासा जाळीवर आला असता. तेवढ्यात जाळी पाण्यातून उसळून पुढे झेपावली आणि तिचं कडं ताणलेल्या दोरीवर जोरात आपटलं. दोरी तुटली, काठी सटकन सरळ झाली. मासा क्षणभर होता तिथेच राहिला, जणू त्यालाही खरं वाटेना. मग शेपटीचा एक फटकारा बसला आणि तो गेला.

"पाय घसरला," मर्विन म्हणाला. "चिखल किती झालाय बघ ना."

गुडघे टेकून बसलेल्या माणसाचा पाय कसा घसरतो, हे आयव्हरने विचारलं नाही. तो स्टुलावर बसला.

मर्विनने थर्मासमधून चहा ओतला. एरवी नदीवर तोंड न उघडणारा हा माणूस बोलतच सुटला. दोरी जुनी असेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ, मासा कुठे पळून जातोय, आज तुझी तब्येत तरी चांगली राहिली. आयव्हरने चहा घेतला नाही.

"कधी?" त्याने विचारलं.

"काय कधी?"

"लाल दोरा होता, मर्विन."

मर्विनने कप खाली ठेवला. "तुझं ऑपरेशन होतं त्या दिवशी. घरात बसवेना रे. तिकडे यायचा धीर होईना. इथे आलो, आणि हातांना काहीतरी हवं म्हणून एकदा टाकला. एकदाच. तो लागला आणि तोडून गेला. मग तुला सांगू कसं? नळ्या लावून पडलेला तू, डोळे उघडून पहिलं विचारलंस ते त्याचंच."

आयव्हरला ते पटलं. त्या दिवशी मर्विन इथे कसा बसला असेल, हे त्याला डोळ्यांसमोर दिसलं. म्हणून तर जास्त लागलं. नुसता राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"ते सांगितलं असतंस तर मी हसलो असतो," तो म्हणाला. "टाके उसवेपर्यंत हसलो असतो. पण आत्ता मासा माझा होता, आणि जाळी तुझ्या हातात होती."

एक चब असा बिथरून सुटला की बाकीचे अंधार पडेपर्यंत तोंड उघडत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी आयव्हरने दोरीला नवा गळ जोडून त्याला पाव लावला. मग छातीवर हात दाबून तो वाकला, मर्विनच्या पायाशी पडलेली जाळी उचलली आणि आपल्या उजव्या हाताशी ठेवली, नदीवर एकटी येणारी माणसं ठेवतात तशी.