छत्रीला हसणारा माणूस

दिवे मालवले आणि हवालदार आप्पासो बाकावर पायावर पाय टाकून बसला. अंगात सदरा-धोतर, पायांत मात्र पोलिसी बूट. वेश बदलताना वहाणा काही सुचल्या नव्हत्या. कराडच्या थेटरात दुपारच्या खेळाला चिक्कार गर्दी होती. दाराशी फौजदार स्वतः उभा होता.

भूमिगत क्रांतिकारक महावीरला आज धरायचा होता. त्याचं तोंड ठाण्यात कुणीच पाहिलेलं नव्हतं. छापा घालावा तर गडी निसटलेला आणि मागं रहस्यकथेचं एक पुस्तक पडलेलं. एकाच डिटेक्टिव्हाची अशी अकरा पुस्तकं जप्त झाली होती. जप्तीचा माल वाचायचा नसतो, पण आप्पासोनं पहाऱ्यावर बसून सगळा वाचला, समासातल्या महावीरच्या शेऱ्यांसकट. ‘इथं लेखक फसला’ असं दिसलं की तो मान डोलवायचा. त्या पुस्तकांतल्या डिटेक्टिव्हावर बोलपट आला, तेव्हा फौजदाराला आप्पासोच बोलून गेला होता, "त्यो येनारच, सायेब. मधीच एकटा हसंल त्योच महावीर." बोलला आणि मग पस्तावला.

आता तो पुढची डोकी न्याहाळत होता. पागोटं, टोपी, उघडं डोकं. कुणी नुसतं खोकलं तरी तो दाराकडं, फौजदाराकडं बघायचा.

पडद्यावर डिटेक्टिव्ह चहाच्या दुकानात शिरला. खुंटीवर काळी छत्री होती, पांढऱ्या ठिगळाची. तिच्याखाली बसून तो चहा प्याला आणि निघून गेला. थेटर गप्प. लोकांच्या लेखी ती नुसती छत्री. पहिल्या पुस्तकात हरवलेली स्वतःची हीच छत्री, जगाचे खुनी हुडकणारा हा शहाणा अकरा पुस्तकं शोधत होता, हे वाचणाऱ्यालाच ठाऊक.

पुढच्या बाकावर खो खो हसू फुटलं. आप्पासोलाही आवरलं नाही.

पुढचा चष्मेवाला वळला आणि घरचं माणूस भेटावं तसा हसला. मग त्याची नजर बुटावर गेली. त्याचा चेहरा उतरला, तेव्हा आप्पासोला फार वाईट वाटलं. चष्मेवाल्यानं पडद्याकडं तोंड फिरवलं.

दार सोडून फौजदार वाकत वाकत आला.

"कोण हसलं?"

"मी, सायेब."

"मला दोघांचं ऐकू आलं."

"माझंच. लय मोट्यानं हसतो मी."

"कशाला हसलास?"

"छत्रीला."

फौजदारानं पडद्याकडं पाहिलं. तिथं छत्री नव्हती.

"ही पुस्तकं तू कधी वाचलीस?"

पुढचा चष्मेवाला विडी ओढायला निघाल्यासारखा उठला, माणसांचे पाय चुकवत गेला आणि दाराबाहेर पडला. फौजदाराचं तिकडं लक्षच नव्हतं.

"सरक," तो म्हणाला आणि वाट अडवून आप्पासोच्या शेजारी बसला.

खेळ संपेपर्यंत त्यानं पडद्याकडं एकदाही पाहिलं नाही. मध्येच एकटा हसलेल्या आप्पासोचं तोंड तो बघत राहिला.